टॉवर लाइनवाला इटालियन

टॉवर लाइनच्या धंद्यात बरीच वर्षं काढलीत मी, आणि ह्या धंद्यातल्या माणसांबद्दल कोणी काही लिहीत नाही हे मला कायम खटकत आलंय. धरण बांधलं की इंजिनियरचं नाव होतं, पूल झाला की पाटी लागते, फीत कापायला मंत्री येतात, पण त्या धरणापासून शहरापर्यंत वीज आणणारी लाइन कोणी ओढली हे विचारा बरं कोणाला, कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून आज एका अशा माणसाबद्दल लिहितोय ज्याने टॉवर लाइनपासून सुरुवात केली आणि पुढे सिडनी हार्बरच्या पाण्याखालून बोगदा नेला. फ्रँको बेल्जोर्नो-नेत्तिस. नाव लांबलचक आहे, मी पुढे नुसतं फ्रँको म्हणतो, तिकडेही त्यांना सगळे तसंच म्हणायचे.

जन्म 1915 चा, कस्सानो देल्ले मूर्जे नावाच्या गावात. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो ना, त्या बुटाच्या टाचेच्या वरचा जो भाग आहे, पूल्या, तिथे बारी शहराजवळ हे गाव आहे. चुनखडीचा कोरडा पठारी मुलूख, ऑलिव्ह, बदाम, द्राक्षं, आणि दक्षिण इटलीत त्या काळी सगळीकडे होती तशी गरिबी. दक्षिणेतून माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जायची, अमेरिकेला, अर्जेंटिनाला, नाहीतर उत्तरेत मिलान-तोरिनोच्या (म्हणजे ट्युरिनच्या) कारखान्यांत. फ्रँको तोरिनोला गेले, इंजिनियरिंग शिकले. आणि मग युद्ध आलं.

आता इथे आपला संबंध येतो आणि हा भाग वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. फ्रँको इटालियन सैन्यात होते, उत्तर आफ्रिकेत इंग्रजांच्या हाती लागले आणि युद्धकैदी म्हणून त्यांना पाठवलं गेलं ते थेट भारतात. मुसोलिनीच्या सैन्याचा लिबिया-इजिप्तच्या वाळवंटात जो धुव्वा उडाला त्यात इंग्रजांच्या ताब्यात एवढे कैदी आले की त्यांना ठेवायचं कुठे हा प्रश्न होता, मग जहाजं भरभरून हजारो इटालियन हिंदुस्थानात आणले. हिमाचलातल्या कांगड्याजवळ योल, डेहराडून, बंगळूर, भोपाळजवळचं बैरागढ, असे मोठमोठे कॅम्प होते. आपल्याकडे शाळेत दुसरं महायुद्ध शिकवतात त्यात हे कुठे येतच नाही. आपल्याच देशात, तारेच्या कुंपणात, आपल्याच शिपायांच्या पहाऱ्यात (पहारेकरी बरेचसे हिंदी पलटणींचेच असणार) हे इटालियन लोक वर्षानुवर्षं बसून होते आणि बाहेर 1942 चं आंदोलन चाललेलं. म्हणजे आतलेही इंग्रजांचे कैदी आणि बाहेरही इंग्रजांनी नेते तुरुंगात टाकलेले. मला वाटतं ह्यावर मराठीत कोणीतरी नीट लिहायला हवं.

पंचविशी ते तिशीची वर्षं, इंजिनियरच्या आयुष्यातली हात शिवशिवण्याची वर्षं, कॅम्पात गेली. सुटून इटलीला परतले तेव्हा देश उद्ध्वस्त झालेला. पण एक गोष्ट होती, इटलीला पुन्हा उभं करायचं तर वीज लागणार होती आणि वीज न्यायला लाइन लागणार होत्या. फ्रँको मिलानच्या एसएई ह्या टॉवर लाइनच्या कंपनीत लागले. आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना हे नाव सांगावं लागणार नाही. ह्याच इटालियन एसएईची भारतातही कंपनी होती, एसएई इंडिया, जबलपूरला टॉवरचा कारखाना. पुढे तिचं आरपीजी ट्रान्समिशन झालं आणि ती केईसीमध्ये विलीन झाली. आणि केईसी म्हणजे मूळची मुंबईची कमानी इंजिनियरिंग, 1945 ची. जगात टॉवर लाइनचा धंदा फार छोटा आहे हो, फिरून फिरून तीच घराणी भेटतात.

तर 1951 साली एसएईने फ्रँकोंना ऑस्ट्रेलियाला पाठवलं, तिथे ईपीटी नावाची कंपनी काढली होती, इलेक्ट्रिक पॉवर ट्रान्समिशन. ऑस्ट्रेलियात तेव्हा कामाचा नुसता महापूर होता. स्नोई माउंटन्स स्कीम 1949 मध्ये सुरू झालेली, बर्फाळ डोंगरातल्या नद्यांचं पाणी अडवून, बोगद्यांमधून वळवून, वीज करून पश्चिमेच्या कोरड्या भागात सोडायचं. पंचवीस वर्षं चाललं ते काम, 16 मोठी धरणं, 7 वीजघरं, तीसहून जास्त देशांतले मिळून एक लाखावर लोक तिथे राबले. कामगार ऑस्ट्रेलियात पुरेनात म्हणून युरोपातून आणले, 1951 मध्येच इटलीशी करार झाला, प्रवासाचे पैसे सरकार भरणार, बदल्यात काही वर्षं सांगेल ते काम करायचं.

एक गोष्ट लक्षात घ्या, हे दार इटालियन लोकांना उघडलं गेलं तेव्हा आपल्यासाठी ते बंद होतं. गोऱ्यांचं ऑस्ट्रेलिया हे तिथल्या सरकारचं उघड धोरण होतं, ते सैल व्हायला 1966 उजाडलं आणि पूर्ण जायला 1973. आणि इटालियन आत आले तरी त्यांना कोणी मांडीवर घेतलं नव्हतं. युद्धात तिथेच राहणाऱ्या हजारो इटालियनांना शत्रू म्हणून छावण्यांत डांबलं होतं, त्याला जेमतेम दहाएक वर्षं झालेली. काळे केस, लसणाचा वास, बस-ट्राममध्ये आपल्या भाषेत बोललं की लोक वळून बघायचे, शिव्या ठरलेल्या होत्या. आज परदेशात राहणाऱ्या आपल्या पोरांना ह्यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

अशा देशात हे लोक लाइन ओढत होते. ज्यांनी हे काम बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण हे कळल्याशिवाय फ्रँको कळणार नाहीत. आधी सर्व्हे, मग प्रत्येक टॉवरचे चार पाय बसवायला खड्डे, त्यात स्टब, म्हणजे टॉवरच्या पायाचा जमिनीत गाडायचा लोखंडी तुकडा, सेट करून काँक्रीट. स्टब एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाला की वर जाऊन भोकांना भोकं जुळत नाहीत आणि सगळी गँग वर लटकलेली असताना फोरमन खालून बोंबलतो. मग एकेक अँगल (टॉवरची लोखंडी पट्टी) दोराने वर घेत नटबोल्ट मारत टॉवर चढवायचा. तो उभा राहिला की इन्सुलेटर टांगायचे आणि मग स्ट्रिंगिंग, म्हणजे तार ओढणं. आधी बारीक पायलट वायर, तिच्यामागे जाड दोर, त्याच्यामागे कंडक्टर, म्हणजे वीज वाहणारी खरी तार. तारेला किती झोळ ठेवायचा ते त्या दिवशीच्या तापमानावर ठरतं, कारण उन्हात तार लांबते आणि थंडीत आखडते, झोळ कमी ठेवलात तर हिवाळ्यात टॉवरवर ताण येतो आणि जास्त ठेवलात तर उन्हाळ्यात खाली येते. हे सगळं जंगलात, डोंगरात, रस्ता नसलेल्या जागी, तंबूत राहून. आपल्याकडे आजही ह्या कामातली कितीतरी पोरं बंगालच्या माल्दा-मुर्शिदाबादकडची असतात, सहा-सहा महिने घराचं तोंड बघत नाहीत. फ्रँकोंच्या लाइनवरची पोरं इटलीतल्या खेड्यांमधली होती, एवढाच काय तो फरक.

ईपीटीमध्ये फ्रँकोंच्या बरोबर आणखी एक इटालियन इंजिनियर होते, कार्लो साल्तेरी. 1956 मध्ये दोघांनी नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली, ट्रान्सफील्ड. परक्या देशात, ॲक्सेंटवाल्या इंग्रजीत, ना ओळखी ना वडिलोपार्जित पैसा. पण हातात जे कसब होतं ते ऑस्ट्रेलियन लोकांकडे फारसं नव्हतं, आणि ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं त्या माणसांची भाषा ह्यांना येत होती. माझ्या मते ट्रान्सफील्डचं खरं भांडवल हेच होतं. बँकेतल्या पैशापेक्षा गँग टिकवता येणं ह्या धंद्यात जास्त मोलाचं असतं, हे मी ठेकेदारीत भल्याभल्यांना बुडताना बघून सांगतोय. पोरं निघून गेली की क्रेन काय नि टेंडर काय, सगळं जागच्या जागी.

सिडनीच्या पश्चिमेला सेव्हन हिल्स म्हणून भाग आहे तिथे त्यांनी वर्कशॉप टाकलं. लाइन झाल्या, मग पोलादी बांधकामं, पाइपलाइन, पूल, वीजघरं, जे येईल ते. आणि मधेच विमानंसुद्धा! खरंच. ट्रान्साव्हिया नावाची कंपनी काढून शेतावर खत टाकायचं विमान बनवलं त्यांनी, एअरट्रक. डिझाइन लुईजी पेल्लारिनी ह्या आणखी एका इटालियनाचं, 1965 मध्ये पहिलं उड्डाण. दिसायला कुरूप म्हणावं असं विमान, पायलट वर उंचावर बसलेला आणि मागे एकमेकांना न जोडलेल्या दोन वेगवेगळ्या शेपट्या. पण त्या दोन शेपट्या का, तर खताचा ट्रक उलटा घेत सरळ दोन शेपट्यांच्या मधून विमानाला भिडवता यावा आणि झटपट खत भरून विमान पुन्हा उडावं. खत टाकणाऱ्या विमानाचा अर्धा वेळ जमिनीवर भरण्यात जातो, हे ज्याने धावपट्टीवर उभं राहून बघितलंय त्यालाच हे सुचणार. मला ह्या विमानाचा फोटो फार आवडतो.

पूल सांगायचा तर ब्रिस्बेनचा गेटवे ब्रिज. 1986 मध्ये सुरू झाला. त्या पुलाची अडचण अशी होती की खालून मोठी जहाजं जायला हवीत म्हणजे पूल उंच हवा, आणि शेजारीच विमानतळ, म्हणजे फार उंच नको. उंच खांब उभारून केबलवर टांगलेला पूल करायची सोयच नाही. मग काँक्रीटचा बॉक्स गर्डर, म्हणजे आतून पोकळ पेटीसारखी तुळई, दोन्ही बाजूंच्या खांबांवरून डावीकडे-उजवीकडे तोल सांभाळत तुकडा तुकडा पुढे वाढवत नेला आणि मधोमध नदीवर जोडला. मधला गाळा 260 मीटर, त्या प्रकारच्या पुलांत तेव्हा जगात सगळ्यात लांब. मला काँक्रीटच्या कामाचा फार अनुभव नाही पण दोन्हीकडून येणारी टोकं पाण्यावर जुळवायची म्हणजे काय टेन्शन असेल हे कोणालाही कळेल.

आणि मग सिडनी हार्बर टनेल. सिडनीचा तो जगप्रसिद्ध कमानीचा पूल ट्रॅफिकने गच्च भरलेला, शेजारी दुसरा पूल बांधला तर सगळं दृश्य बिघडणार, म्हणून पाण्याखालून बोगदा. ट्रान्सफील्डने जपानच्या कुमागाई गुमीबरोबर भागीदारी करून हे काम घेतलं, स्वतः बांधायचं, टोलवर चालवायचं आणि मुदत संपली की सरकारला परत द्यायचं, आपल्याकडे नंतर बीओटी म्हणून घराघरात माहीत झालं तो प्रकार. बोगद्याचा हार्बरखालचा भाग खोदलेला नाही, तो बुडवलेला आहे. दक्षिणेला पोर्ट केंब्ला इथे काँक्रीटचे आठ अजस्र पोकळ तुकडे ओतले, दोन्ही तोंडं बंद केली, ते तरंगवले आणि टगबोटींनी समुद्रातून ओढत सिडनीला आणले, मग हार्बरच्या तळाशी आधीच उकरलेल्या चरात एकेक अलगद बुडवून एकमेकांना जोडले. हे आठ तुकडे मिळून जवळपास 960 मीटर होतात. काँक्रीट तरंगतं ह्यावर माझ्या आईचा अजून विश्वास बसलेला नाही! ऑगस्ट 1992 च्या अखेरीस बोगदा सुरू झाला, आणि ठरल्याप्रमाणे 2022 मध्ये सरकारकडे गेला. रोज त्यातून जाणाऱ्या सिडनीकर मराठी मंडळींनी एकदा आठवावं की आपण ओतून, तरंगवून, बुडवलेल्या डब्यांमधून चाललोय.

त्याच सुमारास कंपनीने मेलबर्नचं विल्यम्सटाउन डॉकयार्ड घेतलं आणि नौदलाच्या अँझॅक फ्रिगेट म्हणजे युद्धनौका बांधायचं काम मिळवलं, दहा जहाजं, आठ ऑस्ट्रेलियाची आणि दोन न्यूझीलंडची. एके काळी ज्या देशांच्या फौजेविरुद्ध वाळवंटात लढलो त्यांच्याच नौदलाची जहाजं बांधायची. नियतीचे खेळ वगैरे म्हणत नाही, पण त्या देशानेही आपला पूर्वग्रह गिळला हे मान्य करायला हवं.

आता कला. हा भाग नसता तर मी कदाचित एवढं लिहिलंही नसतं. कंपनी जेमतेम पाच वर्षांची असताना, 1961 मध्ये, ट्रान्सफील्डने चित्रकारांसाठी मोठ्या रकमेचं बक्षीस सुरू केलं. नव्या ठेकेदाराच्या हातात चार पैसे आले की तो काय करतो ते आपण आजूबाजूला बघतोच, फार्महाऊस, गाडी, नाहीतर निवडणुकीचं तिकीट. फ्रँकोंनी चित्रकारांना पैसे दिले, तेही नव्या पद्धतीची चित्रं काढणाऱ्यांना, जी तेव्हा सिडनीच्या बड्या घरांत कोणी भिंतीवर लावत नव्हतं. मग 1973 मध्ये त्यांनी सिडनी बिएनाले सुरू केलं, व्हेनिसच्या धर्तीवर, दर दोन वर्षांनी जगभरच्या कलाकारांचं मोठं प्रदर्शन. आपल्याकडे कोचीचं बिएनाले 2012 पासून आहे, तसंच, फक्त चार दशकं आधी. पहिलं बिएनाले भरलं ते नव्याकोऱ्या सिडनी ऑपेरा हाउसमध्ये, त्याच्या उद्घाटनाच्या सोहळ्यातच. इटलीत लहानसहान गावातल्या चर्चमध्येसुद्धा अप्रतिम चित्रं असतात, तिथे वाढलेल्या माणसाला पोटापाण्याची सोय झाल्यावर हीच उणीव सगळ्यात जास्त टोचली असणार असं मला वाटतं.

दोन मित्रांची भागीदारी मात्र शेवटपर्यंत टिकली नाही. फ्रँको आणि कार्लो दोघेही जॉइंट मॅनेजिंग डायरेक्टर, तीसेक वर्षं बरोबरीने कंपनी चालवली, हे स्वतःच एक आश्चर्य आहे कारण बांधकामातल्या भागीदाऱ्या पहिल्या मोठ्या बिलावरच तुटतात. पण पुढची पिढी आली आणि नव्वदच्या दशकात दोन घराण्यांत बिनसलं, 1997 च्या सुमारास वाटण्या झाल्या, जहाजं आणि संरक्षणाचा धंदा साल्तेरींकडे गेला टेनिक्स नावाने, ट्रान्सफील्ड हे नाव बेल्जोर्नो-नेत्तिसांकडे राहिलं. फ्रँको 2006 मध्ये गेले, कार्लो 2010 मध्ये.

ह्यानंतरचं लिहायला जड जातंय, पण गाळलं तर लबाडी होईल. ट्रान्सफील्ड सर्व्हिसेस म्हणून एक कंपनी 2001 मध्ये शेअर बाजारात आली होती, ती तेव्हा घराण्याच्या हातात नव्हती, थोडा वाटा तेवढा होता. बोटीने आश्रय मागायला येणाऱ्या लोकांना ऑस्ट्रेलिया सरकार नाउरू आणि पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावरच्या छावण्यांत ठेवत होतं, आणि त्या छावण्या चालवायचं कंत्राट ह्या कंपनीने घेतलं, 2014 मध्ये ते 1.22 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचं होतं. कलाकार उठले. ट्रान्सफील्डच्या पैशावर भरणाऱ्या बिएनालेत आम्ही चित्रं मांडणार नाही म्हणाले, काहींनी कामं मागे घेतली. मार्च 2014 मध्ये फ्रँकोंचे चिरंजीव लुका ह्यांनी बिएनालेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि ट्रान्सफील्डशी एवढ्या वर्षांचा संबंध तुटला.

तेव्हा बऱ्याच लोकांचं म्हणणं होतं की ज्या घराण्याने हे सगळं उभं केलं त्यालाच कलाकारांनी हाकललं, हा कृतघ्नपणा आहे. मी ते मान्य करत नाही. लुकांबद्दल मला वाईट वाटतं, छावण्या काही त्यांनी चालवल्या नव्हत्या. पण ज्या माणसाची उमेदीची वर्षं कैदी छावणीत गेली, जो जहाजातून उतरून त्या देशात परका म्हणून राहिला, त्याने घडवलेलं नाव समुद्रातून आलेल्या माणसांच्या छावणीच्या फाटकावर लागावं हे मला सहन होत नाही, आणि कलाकारांनाही तेच झालं नसेल असं कसं म्हणायचं? पुढच्या वर्षी कंपनीला ते नाव सोडावं लागलं, तिचं ब्रॉडस्पेक्ट्रम झालं. ते बरंच झालं.

बिएनाले अजून भरतं, दर दोन वर्षांनी, प्रवेश फुकट असतो. माझा मावसभाऊ सिडनीत आहे, त्याला म्हटलंय की पुढच्या वेळी पोरांना घेऊन जा, आणि येताना गाडी पुलावरून नको, खालून घे. आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाचे आजोबा-पणजोबा युद्धकाळात फौजेत असतील आणि इटालियन कैद्यांच्या कॅम्पवर त्यांची ड्यूटी असेल, तर घरात काही फोटो, पत्रं, ऐकीव गोष्टी आहेत का ते प्लीज शोधा आणि मला कळवा. ती माणसं आता भराभर कमी होतायत, मला हे सगळं एकदा नीट लिहून ठेवायचंय.